पखालीला मागणी

फलाह लेकीला भेटायला इरबिदला गेला आणि परत येईपर्यंत त्याची पखाल देशाच्या मालकीची झाली होती.

पखाल म्हणजे पाण्याची नव्हे. इंग्रज गेले तेव्हा आमच्या सैन्यात बॅगपाइप ठेवून गेले. तिची ती चामड्याची पिशवी बघून आमच्या लोकांनी तिचं नाव पखाल ठेवलं, ते आजतागायत आहे. फलाह आणि मी एकाच बँडमध्ये होतो. तो पखाल फुंकायचा, मी ढोल बडवायचो. निवृत्त होताना मला चहाचे कप मिळाले, त्याला बँडमास्तरांनी त्याचीच पखाल भेट दिली. तेव्हापासून अम्मानजवळच्या आमच्या सॉल्ट गावात, उतरणीवर, रोज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर फलाह गच्चीवर चढायचा आणि सगळी आळी दणाणून सोडायचा. आमच्याकडे घरं एकावर एक अशी पायऱ्यांसारखी, त्याची गच्ची म्हणजे माझ्या डोक्यावरचं आभाळ. माझी बायको त्या वेळेला मुद्दाम मिक्सर लावायची.

फलाहची बायको विदाद, म्हणजे आमची उम्म रायेद, रायेदची आई, तिची तक्रार वेगळी होती. आमच्याकडे थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, तसा तो अबू रायेद आणि मी अबू नायेफ. चामडं मऊ राहावं म्हणून हा पखालीला आतून मध चोळायचा, तोही चांगला डोंगरातला. "नातवंडांना खजुराची काकवी आणि हिला मध," ती म्हणायची. "माझ्या गालाला कधी मलई लावली नाही यांनी."

तर त्या दिवशी इरबिदहून आलेला फलाह कपाट उघडून बघतो, तर जागा रिकामी. माझ्यापर्यंत आवाज आला. मी जिना चढून वर गेलो तेव्हा तो पलंगाखाली अर्धा घुसला होता आणि विदाद शांतपणे मुलुखियाच्या भाजीची पानं निवडत बसली होती.

"उम्म रायेद, पखाल कुठाय?"

"अम्मानला."

"अम्मानला कशाला? कोणाकडे?"

"सरकारकडे. सैन्याच्या संग्रहालयाला दिली. टीव्हीवर सांगत होते ना, सैनिकांच्या घरात पडलेल्या वस्तू आणून द्या, नवं दालन काढतोय म्हणून. दिली."

फलाह पलंगाखालून बाहेर आला. डोक्याला धूळ लागलेली. "घरात पडलेल्या वस्तू?"

"मग काय उभ्या होत्या?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मुलुखियाकडे बघितलं. नवराबायकोच्या भांडणात ढोल वाजवायचा नसतो एवढं मला कळतं.

फलाह ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गादी उचलली आणि बैठकीच्या खोलीत नेऊन टाकली. पुढे कित्येक दिवस तो तिथंच झोपला, तिथंच जेवला आणि विदादशी बोलायचं झालं तर माझ्यामार्फत बोलला. "अबू नायेफ, हिला म्हणावं मीठ दे." मीठ तिच्या हाताजवळ, ती त्याच्या हाताजवळ, आणि मी दोघांच्या मध्ये मकलूबाचा भात खात बसलेलो.

शेवटी मीच म्हणालो, "चल, बघून तरी येऊ."

संग्रहालय अम्मानच्या टोकाला, टेकडीवर आहे. बाहेर तोफा, रणगाडे, त्यावर चढून फोटो काढणारी माणसं. फलाहनं त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. नवं दालन आतल्या बाजूला होतं आणि खरं सांगतो, मला ते आवडलं. लढाया, नकाशे, बाण असलं काही नाही. शिपायाचं जगणं नुसतं. पत्र्याची ट्रंक, तळ वितळलेले बूट, एका टेबलावर मळलेला पत्त्यांचा जोड, काळी पडलेली चहाची किटली. उंटावरून गस्त घालणाऱ्या पथकाचं खोगीर होतं, त्याला अजून वास येत होता. एक आजी त्या खोगिरासमोर उभी राहून स्वतःशीच हसत होती.

पखाल कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात होती. खाली पाटी. बँडमधला नायक फलाह, सॉल्ट, कुटुंबाकडून सप्रेम भेट. वरून दिवा सोडलेला. मखमलीवर अशी पसरून ठेवली होती की इतक्या वर्षांत ती इतकी देखणी मला कधी दिसली नव्हती.

फलाहनं काचेवर तळहात टेकवला. मला वाटलं, आता हा रडणार. तेवढ्यात शाळेच्या मुलींचा घोळका आला आणि त्यांची बाई म्हणाली, "मुलींनो, हिच्या आवाजानं शत्रू घाबरायचा."

"शत्रूचं माहीत नाही," फलाह वळून म्हणाला. "माझी बायको घाबरली."

मुली खिदळल्या. बाईनं पाटी वाचली, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे तुम्हीच का, काका?" मग काय, सगळ्या मुलींनी त्याच्यासोबत फोटो काढले. फोटोत तो हसतोय. पण त्या गेल्या आणि त्याचा चेहरा पुन्हा पडला. मला म्हणाला, "अबू नायेफ, मी मेलोय असं वाटतंय. पाटी लावलीय बघ."

आम्ही संचालकांना भेटलो. राकान पाशा, निवृत्त ब्रिगेडियर, कडक इस्त्री आणि मऊ बोलणं. त्यांनी आम्हाला बसवलं, दोघांची विचारपूस केली, कोणत्या सालचा बँड, कोण बँडमास्तर. परत द्यायचं म्हटल्यावर मात्र त्यांनी छातीवर हात ठेवला. "अबू रायेद, तुमचा शब्द माझ्या डोक्यावर, माझ्या डोळ्यांवर. पण एकदा आत आलेली वस्तू देशाची. उद्या एक रणगाडेवाला येऊन रणगाडा परत मागेल, मी काय करू?"

"रणगाडा त्याच्या बायकोनं दिला असेल तर त्यालाही द्या," फलाह म्हणाला. पण उपयोग झाला नाही.

परतीच्या वाटेवर मशिदीजवळ आम्हाला हाजी बखीत भेटले. हे आमच्या वेळचे सुभेदार. आता ऐंशीच्या घरात, पण मिशी अजून सावधानमध्ये उभी. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, तसबीहची माळ खिशात टाकली आणि म्हणाले, "मूर्ख आहात दोघं. अशी मागतात का? जाहा न्यायला हवी."

आमच्याकडे कोणाची मुलगी मागायची असेल किंवा भांडण मिटवायचं असेल, तर घरातला माणूस एकटा जात नाही. पिकल्या केसांचे चार मोठे लोक पुढे घालून जातात. ती जाहा. समोरचा कॉफी देतो. पाहुणे पेला समोर ठेवतात आणि मागणं मान्य होईपर्यंत त्याला ओठ लावत नाहीत. कॉफी तशीच गार होऊ देणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थप्पड. भलेभले त्या पेल्यापुढे वाकलेत.

"हाजी, ते सरकारी ऑफिस आहे," मी म्हणालो.

"सरकार कॉफी पीत नाही का?"

तर पुढच्याच आठवड्यात आम्ही निघालो. हाजी बखीत, बँडमधले उरलेले तिघं म्हातारे, फलाह आणि मी. सगळ्यांनी काळी अबाया, म्हणजे पुरुषांचा मानाचा झगा, खांद्यावर घेतलेली, डोक्यावर लाल चौकड्यांचे रुमाल कडक. माझ्या गाडीत मावेनात म्हणून हाजींच्या जावयाचीही गाडी घेतली. विदादला कोणी काही सांगितलं नाही. फलाह दाढी करताना गुणगुणत होता, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अबू नायेफ, यांना विचारा, लग्न आहे का कोणाचं?"

राकान पाशांनी आम्हाला दारात बघितलं आणि त्यांना लगेच कळलं. तेही वाळवंटातल्या मोठ्या घराण्यातले, जाहा कशी दिसते हे त्यांना सांगायला नको. शिपायानं वेलचीची कडू कॉफी आणली, एकेका पेल्यात घोटभर ओतली. हाजींनी आपला पेला टेबलावर ठेवला. मग आम्ही पाचही जणांनी ठेवले.

"हाजी," पाशा हळूच म्हणाले, "हे काय करताय माझं?"

हाजींनी घसा साफ केला. आधी अल्लाची स्तुती, मग पैगंबरांवर दरूद, मग पाशांच्या आजोबांच्या मेहमाननवाजीचं वर्णन. मग म्हणाले, "पाशा, तुमच्या घरात एक लेक आहे. वयानं पोक्त, रंगानं सावळी, आवाजानं करारी. आमच्या मुलाचं तिच्यावर जुनं मन आहे. मुलगा गरीब पण इज्जतदार. आम्ही तिला मागणी घालायला आलोय."

आमचा सत्तरीचा मुलगा मान खाली घालून बसला होता, कानांपर्यंत लाल. दारातला शिपाई तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला.

पाशा मात्र हसले नाहीत. त्यांनी दाढी कुरवाळत एकेक पेला मोजला. मग म्हणाले, "हाजी, तुम्ही माझ्या वडलांच्या जागी. पण लेकीचा बाप मी नाही. मी नुसता सांभाळ करणारा. ती इथं दिली उम्म रायेदनं. तिची काय हरकत आहे ते आधी कळू दे. बापाला न विचारता मी मुलगी कशी देऊ?"

हाजींनी आपली काठी जवळ ओढली.

"मग तिच्याकडे जाऊ," ते उठत म्हणाले.

"थांबा," पाशांनी टोपी उचलली. "मीही येतो. लेकीच्या बाजूनं कोणीतरी हवं."

म्हणजे बघा, दोनाच्या तीन गाड्या झाल्या आणि अख्खी जाहा अम्मानहून सॉल्टला, फलाहच्याच घरी निघाली. उतरणीवर गाड्या लागल्या तशा खिडक्या उघडल्या. माझी बायको मिक्सर सोडून जिन्यात आली. हाजींनी काठीनं दार ठोकलं.

विदादनं दार उघडलं. समोर सुभेदार, पाशा, तीन म्हातारे, मी, आणि सगळ्यांच्या मागे बुटांच्या टोकांकडे बघत उभा असलेला तिचा नवरा.

"तुमची किल्ली हरवली का?" तिनं त्याला विचारलं.

"आज मी पाहुणा आहे," फलाह पुटपुटला. इतक्या दिवसांत तो तिच्याशी पहिल्यांदाच थेट बोलला होता.

आम्ही बैठकीत बसलो. फलाहची गादी अजून तिथंच पडलेली होती, ती मी पायानं सोफ्याखाली सारली. विदादनं कॉफी केली, रीतीप्रमाणे उजव्या हातानं सगळ्यांना दिली. सगळ्यांनी पेले खाली ठेवले. फलाहनं सवयीनं ओठांना लावला होता, हाजींनी कोपरानं ढोसलं तेव्हा तोही खाली आला. विदादनं ते रांगेतले पेले बघितले आणि तिला काय चाललंय ते समजलं.

"माझ्याच घरात?" ती म्हणाली.

हाजींनी पुन्हा सगळं भाषण केलं. पोक्त, सावळी, करारी. दुसऱ्यांदा त्यात फलाहच्या कष्टांचं, परेडच्या उन्हाचं, राजासमोर वाजवल्याचंही आलं. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.

"झालं बोलून, हाजी?"

"झालं."

"मग आता माझं ऐका. द्राक्षं उतरवायच्या दिवसांत एका संध्याकाळी गच्चीवरचा आवाज मध्येच तुटला. मला वाटलं, बरं झालं, दमले. पण मग काहीच ऐकू येईना. मी वर गेले. हे कबुतरांच्या खुराड्यापाशी पडलेले. ओठ निळे. पखाल छातीवर, अजून तिच्यातून वारा सुटत होता. तिचा श्वास चालू होता, यांचा कळत नव्हता."

पाशांनी टोपी काढून मांडीवर घेतली.

"पाणी मारलं, गाल थापटले, तेव्हा डोळे उघडले. आणि पहिलं वाक्य काय? कोणाला सांगू नकोस, लोक हसतील. मला शपथ घातली. वर आळीत सांगितलं, कबुतरांच्या घाणीवरून पाय घसरला."

मी फलाहकडे बघितलं. ती घसरल्याची गोष्ट त्यानं मला इतकी रंगवून सांगितली होती की मी पोट धरून हसलो होतो.

"घाण होतीच तिथं," फलाह म्हणाला.

"कबुतरांवर ढकलू नका. डॉक्टरकडे चला म्हटलं, नाही. थोडे दिवस वाजवू नका म्हटलं, नाही. मग टीव्हीवर ती जाहिरात लागली. मी ब्लँकेटमध्ये गुंडाळली आणि बसनं घेऊन गेले. सगळ्या वाटेवर मांडीवर धरून बसले होते. शेजारची बाई विचारत होती, बाळ किती महिन्यांचं?"

फलाह उठला. पाहुण्यानं असं मध्येच उठायचं नसतं, पण हाजींनी त्याला अडवलं नाही.

"मला वाटलं, तुला त्या आवाजाचा वैताग आलाय."

"आवाजाचा वैताग असता तर पखाल कशाला दिली असती? तुम्हालाच नेऊन दिलं असतं संग्रहालयात. तिथं काच जाड आहे."

सगळ्यात आधी पाशा हसले. मग हाजींची मिशी थरथरायला लागली आणि मग खोलीभर जे हसू फुटलं ते माझ्या बायकोनं जिन्यात ऐकलं. फलाह हसत नव्हता. तो तिच्यासमोर उभा होता, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा.

"सांगायचं ना मला," तो म्हणाला.

"सांगितलं होतं. तुम्ही पखालीला मध चोळत होता."

हाजींनी काठी आपटली. "मुलीकडच्यांचं म्हणणं रास्त आहे. आता मेहेर ठरवा, मुलानं काय द्यायचं ते. उम्म रायेद, तुझ्या अटी काय?"

ती विचार करायला थांबलीच नाही. सगळं तिच्या मनात तयार होतं. "आधी द्यायचा मेहेर म्हणजे उद्या सकाळी डॉक्टर. हृदयाचा. आणि अबू नायेफ सोबत जातील, कारण हे एकटे गेले तर बाहेरूनच परत येतील. डॉक्टर काय म्हणतात ते अबू नायेफ मला सांगतील, हे नाही."

"मान्य," हाजींनी फलाहला न विचारताच सांगितलं.

"आणि लेक सासरी येणार नाही. ती तिथंच राहील, अम्मानला. या गच्चीवर ती पुन्हा दिसली तर मी कबुतरं सोडून देईन."

फलाहचा चेहरा उतरला. मग पाशा पुढे सरकले. "उम्म रायेद, लेक सासरी जाणार नसेल तर जावयाला घरजावई करून घेऊ. डॉक्टरनं परवानगी दिली तर अबू रायेद आमच्याकडे येऊन वाजवतील. अंगणात, खुर्चीवर बसून, मी समोर असताना. दालन शिपायांच्या जगण्याचं आहे, मुकं दालन मलाही बरं वाटत नाही. वरच्यांना मी सांगेन, जपणुकीसाठी वापर आवश्यक."

"आणि मी शेजारी बसेन," विदाद म्हणाली.

"तुमच्याशिवाय कपाट उघडणारच नाही."

तिनं फलाहकडे बघितलं. त्यानं मान हलवली, हळू, आज्ञाधारक. इतकी वर्षं बँडमध्ये बँडमास्तरांनाही त्यानं अशी मान तुकवली नव्हती.

"मग प्या आता," ती म्हणाली. "विस्तवावरून उतरवून किती वेळ झाला, चव गेली असेल."

सगळ्यांनी एका घोटात पेले रिकामे केले. माझी बायको जिन्यातूनच आनंदाची किलकारी देऊन मोकळी झाली. समोरच्या घरातल्यांना खरंच वाटलं, रायेदच्या धाकट्याचं लग्न ठरलं. त्यांनी बदामी मिठाई पाठवली, ती आम्ही ठेवून घेतली.

डॉक्टरचं काही हसण्यासारखं नव्हतं. लष्करी इस्पितळात त्यांनी फलाहला तपासलं आणि घरीच सोडेनात. हृदयाच्या दोन वाहिन्या बुजल्या होत्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "हा माणूस या हृदयावर बॅगपाइप वाजवत होता?" मी म्हणालो, "रोज. असरनंतर." त्यानं डोक्याला हात लावला. वाहिन्यांत जाळ्या बसवल्या. विदाद तिथं पलंगाशी बसून होती, तिनं मला घरी पाठवलं. मी सकाळी गेलो तेव्हा दोघं भांडत होते. उशी उंच हवी की बुटकी, यावर. मला एवढं बरं वाटलं की मी बाहेर जाऊन सगळ्यांसाठी फलाफल आणले आणि मग नर्सनं मला हाकललं.

वाजवायची परवानगी मिळायला हिवाळा उलटावा लागला. मधल्या काळात फलाह अम्मानला जायचा, पाशांच्या देखत कपाट उघडून पखालीला मध लावायचा आणि परत यायचा. मध आता सरकारी होता.

मग एका गुरुवारी अंगणात खुर्च्या टाकल्या. पाशांनी मलाही कुठून तरी ढोल मिळवून दिला. प्रेक्षक म्हणजे एक शाळा, काही पर्यटक, आमचे तीन म्हातारे आणि सर्वांत पुढे हाजी. विदाद फलाहच्या शेजारी, पर्स मांडीवर, डोळे त्याच्या ओठांवर. त्यानं पिशवी काखेत घेतली, फुंकर घातली आणि पहिला सूर असा निघाला की पर्यटकांपैकी एकानं कान झाकले. मग सूर जागेवर आला. वरात घरातून निघताना वाजते ती चाल होती. दुसऱ्या फेरीत त्याला दम लागला. त्यानं नळी तोंडातून काढली. विदादचा हात लगेच त्याच्या पाठीवर. मी ढोल थांबवला नाही, नुसता ठेका धरून ठेवला. शाळेतल्या मुलींनी टाळ्यांची साथ धरली. त्यानं सावकाश श्वास घेतला, विदादकडे बघितलं, तिनं हात काढला आणि तो पुन्हा चालीत आला.

चाल संपल्यावर पाशा त्याला आणखी एक वाजवायला सांगणार होते. विदादनं त्यांच्याकडे एकच नजर टाकली आणि पाशांनी कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं.

येताना गाडीत फलाह पुढच्या सीटवर झोपून गेला, तोंड उघडं टाकून. विदाद मागे होती. खड्डा आला की ती पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवायची, छाती वरखाली होतेय ना बघायची आणि मागे टेकायची. मी आरशातून ते बघत होतो.

"अबू नायेफ," ती म्हणाली, "समोर बघून चालवा."